हात सोडणारं धान

लांजेवार बाईंच्या देखत कुठल्याही झाडाला ‘बिचारं’ म्हणायची सोय नव्हती. मी शाळेत नवा होतो, म्हटलं एकदा. फाटकाशी पळस होता. त्याची पानं गळून नुसत्या वाकड्यातिकड्या फांद्या उरल्या होत्या. मराठीचा मास्तर असल्यामुळे माझा आवाज जरा भरून आला. “बिचारा! कसा भुंडा झाला!”

बाई चालता चालता थांबल्या. गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी आधी पळसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघांत बिचारं कोण याचा निकाल माझ्या विरोधात लागला, हे मला स्वच्छ दिसलं.

“सर, झाड बिचारं नसते. झाड चालू असते. हा पानं टाकून काहून बसला? पानाआड फुलं असली त पाखराले दिसतीन कशी? दुकान लावायच्या आधी पडदा काढून राहिला तो.”

काही दिवसांनी त्या पळसाने असा काही लाल प्रवेश घेतला की फाटकात साळुंक्यांची भांडणं लागली. बाई व्हरांड्यातून मला नुसतं बोट दाखवून वर्गात निघून गेल्या.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढे. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे तलाव, मधे शाळा. बाई विज्ञान शिकवायच्या. मी मराठी शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो, म्हणून त्या मला ‘नाटकवाले’ म्हणत. खरं म्हणजे नाटक त्यांच्याच अंगात होतं. मूर्ती ठेंगणी, आवाज मात्र मधल्या दोन भिंती ओलांडून माझ्या वर्गात येणारा. मी करुण रसाची कविता रंगात आणलेली असायची आणि पलीकडून ऐकू यायचं, “मोहाचं लगन लागते रात्री! आनि वऱ्हाडी कोन? वटवाघळं!” माझा करुण रस तिथेच संपायचा.

बाईंना भूक सहन होत नसे, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कामाला येणार आहे. त्यांचा डबा मधल्या सुट्टीपर्यंत कधी टिकला नाही. यजमान लवकर गेले, मुलगी नागपुरात नोकरीला, घरी त्या एकट्या; तरी स्वयंपाक चौघांचा. चतुर्थी, एकादशी, कशाचाच उपास नाही. कुणी टोकलं तर, आमच्याकडच्या बायका स्वतःला ‘करतो-खातो’च म्हणतात त्या चालीवर, म्हणायच्या, “मी उपासाची बाई नाही. देवाले मी पोटभर जेवून हात जोडतो, तो काही म्हनत नाही.”

आता हेडसरांच्या काटवलाची गोष्ट.

हेडसरांची सासुरवाडी आंबागडची. तिथल्या जंगलातून त्यांनी काटवलाचे, म्हणजे करटोल्याचे, कंद आणले आणि परसात मांडव घालून लावले. पावसाळ्यात आमच्याकडे काटवलाच्या भाजीपुढे माणूस पनीर ओळखत नाही. पहिल्या वर्षी सरांना भरपूर फळं मिळाली. पण सर शिस्तीचे. मांडवावरचे काही वेल नुसती पिवळी फुलं काढतात, फळ एकही धरत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. कामचुकार वेल कंदासकट उपटून त्यांनी कुंपणाबाहेर फेकले. दुसऱ्या वर्षी मांडव हिरवागार, फुलंच फुलं आणि काटवल एकही नाही. सर कधी शेणखत घालत होते, कधी मुळाशी ताक ओतत होते. शेवटी वहिनींनी एक लिंबू-मिरचीही बांधली.

स्टाफरूममध्ये सरांनी हे दुःख सांगितलं तेव्हा बाईंनी एकच विचारलं, “सर, उपटलेल्या वेलाच्या फुलाखाली बारकं काटेरी बोंड होतं का?”

“नव्हतं. म्हणून तर उपटले!”

“अरे बाप्पा!” बाईंनी डबा मिटला. केवढी ही गोष्ट, डबा मिटला! “सर, तुम्ही सारे नवरदेव गावाबाहेर काढले आनि आता नवरींना इचारून राहिले का पाळना काहून हालत नाही!”

स्टाफरूम कोसळली. सर लालबुंद झाले. पण त्याच संध्याकाळी, काटवलाची फुलं उमलायच्या वेळेला, बाई त्यांच्या परसात हजर होत्या, हातात स्टीलचा डबा. कुंपणापलीकडच्या झुडपांत फेकलेल्या कंदांतला एक चालू निघाला होता, तिथेच रुजून वर चढला होता. त्याची फुलं बाईंनी डब्यातून आणली होती. वहिनींना उभं करून त्यांनी एकेक फूल मांडवावरच्या फुलांना टेकवलं. मी मंगलाष्टकं म्हटली; मला कुणी सांगितलं नव्हतं, पण असा प्रवेश रिकामा जाऊ देणं माझ्याच्याने झालं नाही. पुढच्या आठवड्यात सरांच्या घरून सगळ्यांना भाजी आली. सरांनी मात्र बाईंना ते ‘नवरदेव’ कधी पूर्ण माफ केले नाहीत.

वर्गातही तेच. बीजप्रसाराचा धडा आला की बाई फळ्यावर एक अक्षर लिहीत नसत. पोरांना रांगेने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेत, गवतातून एक फेरी मारायला लावत आणि व्हरांड्यात बसवून विचारत, “आता पाहा, कोन कोनावर बसून आलं?” पोरं पँटवरचे, फ्रॉकवरचे आघाडे, कुसळं, गोखरू काढून मांडत. “तिकीट कोनीच काढलं नाही,” बाई म्हणत. “हे उतरवा, पन बाहेर मातीत. एवढ्या लांबून आले, कचऱ्याच्या डब्यात काहून?” त्यांच्या स्वतःच्या साडीच्या काठाला बारा महिने काहीतरी चिकटलेलं असे. ते त्या घरी जाऊन आपल्याच अंगणात झटकत. त्यामुळे त्यांच्या अंगणाला अंगण म्हणणं धाडसाचं होतं.

याच पाळीवरून त्या देवधान दाखवत.

देवधान म्हणजे तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान. दिसायला आपल्या धानासारखंच, फक्त दाण्याला लांब तांबूस कुसळ. ऋषिपंचमीला आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत, तेव्हा हा न नांगरता आलेला भात चालतो. पण तो मिळवणं सोपं नाही. दाणा पिकला की कणीस त्याला धरून ठेवत नाही. वारा आला, बगळा टेकला, पाणी हाललं की दाणे पाण्यात. म्हणून दाणे पिकायच्या आधीच बायका पाण्यात उतरून लोंब्यांची जुडी बांधून ठेवतात, आणि मग टोपलीत झटकून घेतात.

“आपलंबी धान पहिले असंच होतं,” बाई पोरांना सांगत. अशा वेळी त्यांचा आवाज भिंती ओलांडत नसे. “पिकलं का हात सोडायचं. मंग एखाद्या वर्षी एखाद्या लोंबीनं हात नाही सोडला. मानसाले थेच सापडलं, त्यानं थेच घरी नेलं, थेच पेरलं. असं करत करत आपन धानाले सोडनं विसरवलं. आता थे आपल्याबिगर जगत नाही आनि आपन त्याच्याबिगर. हे मात्र,” त्या पाण्याकडे हात करत, “हे कोनाचं ऐकलं नाही.”

पोरांना कितपत कळे ठाऊक नाही. मी पाळीच्या या बाजूला उभा राहून ऐकत असे, आणि घरी जाईपर्यंत गप्प असे. मी गप्प, म्हणजे बघा.

मग तलावात बेशरम शिरली.

बेशरम ठाऊक असेल. जांभळ्या भोंग्यासारखी फुलं, कुठेही, कशातही वाढते. जनावर तोंड लावत नाही. पाहता पाहता अर्धा काठ तिने खाल्ला आणि देवधान एका कोपऱ्यात उरलं. हेडसर तोवर निवृत्त होऊन गावच्या तलाव समितीचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी श्रमदान काढलं. बाई त्या आठवड्यात मुलीकडे नागपूरला होत्या. सारं गाव कुऱ्हाडी घेऊन तलावावर! बेशरमीचे बारके तुकडे केले, म्हणजे ती पुन्हा उठायला नको. आणि सारे तुकडे पाण्यात ढकलले, म्हणजे कुजून जातील. धानाचा पेंढा कुजतो, पळसाची फांदी कुजते, तर ही का नाही कुजणार? सगळ्यांनी हात धुतले, चहा झाला, फोटो झाले.

बाई परतल्या, तशाच पिशवी घेऊन पाळीवर गेल्या. मी सोबत होतो. त्यांनी काठाशी वाकून पाण्यातला एक तुकडा उचलला.

“कांडी कांडी करून पेरली नं, सर,” बाई म्हणाल्या. “हिले बी लागतेच कुठं? हिचा तुकडा म्हनजे हिचं लेकरू.”

पुढच्या पावसाळ्यात साऱ्या काठाने जांभळे भोंगे वाजू लागले. देवधानाचा कोपराही गेला.

मी बाईंना हेडसरांशी भांडताना पाहायच्या तयारीने समितीच्या बैठकीला गेलो होतो, अगदी पुढची जागा धरून. बाई भांडल्या नाहीत. “तलाव सुकला का मुळासकट उपटायची,” एवढंच म्हणाल्या, “आनि पाळीवर उन्हात वाळवून जाळायची. पान्यात एक कांडी टाकायची नाही.” दोन उन्हाळे त्या स्वतः चिखलात उभ्या होत्या, डोक्यावर ओला टॉवेल, कमरेला डबा बांधलेला. हळूहळू पोरं आली, बायका आल्या, शेवटी हेडसरही आले. काठ मोकळा झाला. पण मोकळ्या काठावर देवधान काही आपोआप उगवलं नाही, आणि बी कुणाकडे उरलं नव्हतं.

उरलं होतं ते एकीजवळच. सुगंधाबाई तलावात जाळं टाकायच्या, बाजारात मासळी विकायच्या. त्या कोपऱ्यातल्या शेवटच्या लोंब्या त्यांनीच बांधल्या होत्या. घरात चुलीवरच्या शिंक्यात, कापडाच्या पुरचुंडीत, ओंजळभर देवधान होतं, कुसळासकट, न कांडलेलं. पंचमीसाठी पुरवून पुरवून ठेवलेलं.

बाईंनी मागितलं, तेव्हा सुगंधाबाई मासळी साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पंचमीले मी का खाऊ मंग? गोटे?”

“भाजीपाला खा. काटवल खा. काटवलाले कुठं नांगर लागते?”

“तुमाले काय जाते सांगाले! तुमी त पंचमीले बी वरनभात हानता!”

“खरं हाये.”

“आनि हे नाही उगवलं त?”

बाई शिंक्याकडे पाहत राहिल्या. सुगंधाबाईंनी विळी बाजूला ठेवली, हात धुतले, पुरचुंडी काढून आणली, पण दिली नाही. “देतो. पन जोवर देवधान येत नाही तोवर तुमी माह्या संगं पंचमी धरायची. मी जे खाईन थे खायचं, जे नाही खाईन थे नाही खायचं. हाये कबूल?”

बाईंचा चेहरा मी पाहत होतो. फाशीची शिक्षा ऐकणाऱ्या नटांना मी हाच चेहरा करून दाखवत असतो, त्यांना जमत नाही.

“कबूल,” बाई म्हणाल्या.

मृगाच्या आधी त्यांनी ते बी काठच्या गाळात फेकलं. पेरलं नाही, फेकलं, वारा फेकेल तसं. आषाढ गेला, श्रावण गेला. काठावर शेवाळ आणि बेडूक. पंचमीला बाईंनी शब्द पाळला. सकाळपासून आवाज बसलेला, वर्गात फक्त खडूचा आवाज. हेडसरांनी मुद्दाम मांडवावरची काटवलं पाठवून दिली, “उपासाला चालतात म्हणे,” असा निरोपही सोबत. संध्याकाळी सुगंधाबाईंच्या ओसरीवर दोघी समोरासमोर बसून नुसती उकडलेली काटवलं खात होत्या. एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

“बी मेलं असेल, बाई,” मी म्हटलं.

“मेलं नसन. झोपलं असन. आपलं धान एका दमात उगवते, कारन त्याले ठाऊक हाये का आपन पाहून राहिलो. जंगली बी सारे पत्ते एका डावात टाकत नाही.” मग जरा थांबून, “नाही त मेलंही असन. सुगंधाबाईची ओंजळ मी पान्यात घातली असन.” हा दुसरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या वर्षी काठाला हिरवी पाती आली. एक झुबका, मग चार, मग पट्टाच. मी धावत बाईंना बोलवायला गेलो, आणि परत येतो तर पाळीवर हेडसर उभे.

“हे काय, बाई? तलावात रोवणा केला?”

पाती हुबेहूब धानाची. गावात बोलवा झाली की लांजेवार बाई निवृत्तीच्या तोंडावर तलावाची जमीन दाबून राहिल्या. आमच्या गावात काहीही माफ होतं, तलावात धान लावणं नाही. एकाने लावलं की दुसऱ्या वर्षी दहा जणांच्या बांध्या पाण्यात सरकतात. समितीत ठरलं, दिवाळीआधी उपटून टाकायचं.

“हे देवधान हाये, सर,” बाई म्हणाल्या.

“कशावरून?”

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. “लोंब येऊ द्या. पिकू द्या. धान असलं त मीच उपटतो. साऱ्या गावासमोर.”

घरी जाताना त्या हळूच मला म्हणाल्या, “मलेच ठाऊक नाही, सर. पावसात वरच्या बांध्यांतलं धानही वाहून येते. देवधानाचं न धानाचं लगनही लागते कधीकधी. थे दोघात कोनावर जाईन, कोन सांगावं?”

ठरलेल्या दिवशी पाळीवर अख्खं गाव. मला आयुष्यात एवढा प्रेक्षक मिळाला नाही. हेडसर मधोमध, दोन माणसं विळे घेऊन तयार. बाई काठाशी. पाण्यात उतरल्या त्या सुगंधाबाई, लुगडं खोचून, गुडघाभर पाण्यात. पहिल्या झुबक्याजवळ गेल्या, तळहात लोंबीवर ठेवला आणि खालून वर हलकेच ओढला.

एक दाणा पडला नाही. लोंबी घट्ट.

पाळीवर कुणीतरी हसलं. “धान हाये जी! चांगलं बासमती हाये!” विळेवाले पुढे सरकले. हेडसरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. बाई हलल्या नाहीत. चष्मा दोरीवर लटकत होता, तो डोळ्यांवर घेण्याचंही त्यांना सुचलं नाही.

सुगंधाबाई आणखी आत गेल्या. तिथल्या लोंब्यांना तांबूस झाक होती. त्यांनी हात नेला, अजून लागलाही नव्हता, नुसतं त्यांच्या चालण्याने पाणी हाललं, आणि दाणे सुटले. टप, टप, टप. त्यांनी लोंबीला बोट लावलं. उरलेलेही गेले. एकेक कुसळ जरा वेळ उभं तरंगलं आणि खाली गेलं.

हे गाव धानाचं. इथे कापणीच्या वेळी बांधीत दाणा झडला तर बायका तोही वेचून घेतात. त्या गावाने दाणे पाण्यात पडताना पाहून टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं ओरडत होती, “पडलं! पडलं!” मीही ओरडत होतो. विळेवाल्यांनी पाण्यात शिरून फक्त तो पहिला झुबका कापला, आणि हेडसर बाईंजवळ येऊन नुसतंच खाकरले. बाई म्हणाल्या, “सर, यंदा काटवल कसं आलं?” सर म्हणाले, “बरं आलं. सारे ठेवलेत.”

पुढचा पावसाळा संपताना बाई मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. गुडघे धरले होते, मुलगी ऐकत नव्हती. बस सकाळची. मी सामान उचलायला घरी गेलो तर दाराला कुलूप, पायरीवर पेटी, आणि बाईंचा पत्ता नाही. कुठे असतील ते मला ठाऊक होतं; पेटी उचलून मी पाळीवर गेलो.

काठाला देवधान भरलं होतं. सुगंधाबाईंनी आदल्या दिवशीच जुड्या बांधून ठेवल्या होत्या. बाई पाण्यात उभ्या, साडी खोचलेली, आणि त्यातली एखादी जुडी मधूनमधून सोडत होत्या. गाठ सोडायची, लोंब्या बोटांनी मोकळ्या करायच्या, पुढे जायचं. पाळीवरून सुगंधाबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

“अवो बाई! मी का तुमच्यासाठी बांधलं का? हात तुटले माहे! सोडून काहून राहिल्या?”

“तुह्या पंचमीपुरतं ठेवलं नं! बाकी पान्याचं हाये.”

“आनि तुमची पंचमी?”

“माही सुटली. मी नागपूरले जाऊन वरनभात खातो.”

बसने हॉर्न दिला. बाई घाईने वर आल्या, माझ्या खांद्याला धरून पाळ चढल्या, चपला हातात घेतल्या. बसच्या पायरीवर साडीचा ओला काठ कंडक्टरच्या पायावर ठिबकला तसा तो कुरकुरला. काठाला चारदोन तांबूस कुसळं चिकटली होती. मी झटकायला वाकलो.

“राहू द्या, सर,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

खिडकीत त्यांचा चेहरा दिसेल म्हणून मी थांबलो. दिसला तो नुसता हात आणि त्यातला स्टीलचा डबा. बस अजून शाळेच्या फाटकापर्यंतही गेली नव्हती, आणि बाईंनी डबा उघडला होता.